दोन देश, एक फाइल: ग्रीन कार्डवर आलेल्या मामा-मामींच्या आरोग्य विम्याचं प्रकरण

मामीच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदलायचे होते. ते भारतात बदलायचे यावर घरात एकमत होतं. वाद होता तो दिवसांचा. दोन शस्त्रक्रिया, त्यांच्यामध्ये काही महिन्यांचं अंतर आणि नंतरचा व्यायाम धरला तर अमेरिकेबाहेर निदान सात महिने जाणार होते. मामा-मामींचं अमेरिकेतलं तेव्हा चौथं वर्ष चालू होतं आणि मेडिकेअर, म्हणजे ६५ वर्षांवरच्यांचा अमेरिकेतला सरकारी आरोग्य विमा, मिळायला पाच वर्षं सलग राहावं लागतं. भारतातली पॉलिसी म्हणत होती, पैसे हवेत तर उपचाराला इकडे या. अमेरिकेचा नियम म्हणत होता, जागचे हलू नका.

उतारवयात मुलांकडे कायमचे राहायला येणाऱ्यांच्या विम्याचा खरा पेच मला त्या आठवड्यात कळला. त्याआधी आम्ही सगळे फक्त प्रीमियमचे आकडे बघत होतो. प्रत्यक्षात दोन्ही देश मोजत होते ती सलगता: तिकडे पॉलिसीची, इकडे मुक्कामाची. एकीची काळजी घ्यायला जावं तर दुसरीला धक्का लागतो. २०१८ पासूनचे या प्रकरणाचे कागद मी सांभाळते आहे, म्हणून ते सविस्तर लिहिते. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

येण्याआधी काय होतं

मामा २०१२ साली बँकेतून निवृत्त झाले. पेन्शन चांगलं, थोड्या मुदतठेवी, आणि दोघांच्या नावावर २००७ पासून एक फॅमिली फ्लोटर, म्हणजे एकाच रकमेत दोघांना सामावणारी पॉलिसी, विमा रक्कम पाच लाख. मामांना बरीच वर्षं रक्तदाब, मामीला मधुमेह आणि गुडघेदुखी. न्यू जर्सीत राहणारा माझा मामेभाऊ अमेरिकेचा नागरिक झाला आणि त्याने आईवडिलांसाठी अर्ज केला. नागरिकाच्या आईवडिलांना ग्रीन कार्डसाठी कोट्याच्या रांगेत थांबावं लागत नाही, त्यामुळे काम तसं लवकर झालं. सप्टेंबर २०१८ मध्ये दोघं आले. मामा ६६ वर्षांचे होते, मामी ६२ वर्षांची.

निघण्याआधीच्या सहा महिन्यांत घर आवरलं, दागिने लॉकरमध्ये गेले, निरोपाची जेवणं झाली. विम्याबद्दल एकच वाक्य बोललं गेलं, "तिकडे गेल्यावर बघू." मीही त्या बोलण्यात होते आणि मीही मान डोलावली होती. हे मला आजही बोचतं, कारण पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ त्या एका वाक्यात आहे.

पहिले चार महिने

मामेभावाने दोघांसाठी व्हिजिटर इन्शुरन्स घेतला. आईवडील पाहुणे म्हणून येतात तेव्हा सगळे तोच घेतात, म्हणून हाताला तोच लागला. शिवाय कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं की ६५ वर्षांवरच्या माणसाला मार्केटप्लेसमधला, म्हणजे सरकारी व्यवस्थेतून निवडायचा खासगी विमा, लोक ज्याला ओबामाकेअर म्हणतात तो, मिळतच नाही. हे साफ चुकीचं आहे. ज्याच्याकडे मेडिकेअर आहे त्याला तो विकता येत नाही. मामांकडे मेडिकेअर नव्हतं आणि पुढची पाच वर्षं मिळणारही नव्हतं. ग्रीन कार्ड घेऊन नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून मार्केटप्लेसचं दार उघडं असतं आणि आल्यापासून ६० दिवसांची खास मुदतही मिळते. ती मुदत आमच्या डोळ्यांसमोरून निघून गेली.

नोव्हेंबरमध्ये एका रात्री मामांच्या छातीत दुखू लागलं. इमर्जन्सी, तपासण्या, एक रात्र देखरेखीखाली. हृदयविकाराचा झटका नव्हता, पण बिल पाच आकडी डॉलरचं आलं. व्हिजिटर इन्शुरन्सच्या कंपनीने जुने वैद्यकीय कागद मागवले, रक्तदाबाच्या गोळ्यांची नोंद पाहिली आणि हा आधीपासूनचा आजार आहे म्हणून दावा नाकारला. या पॉलिस्यांमध्ये आधीच्या आजाराने 'अचानक उचल खाल्ली' तर मर्यादित रक्कम देण्याचं कलम पुष्कळदा असतं. पण त्याची व्याख्या इतकी अरुंद असते, आणि वय वाढेल तशी ती रक्कम इतकी कमी होत जाते, की तिच्या भरवशावर कुणी राहू नये. महिन्या-दोन महिन्यांसाठी आलेल्या पाहुण्याला हा विमा ठीक आहे. राहायला आलेल्या माणसासाठी तो नाही. शेवटी हॉस्पिटलच्याच आर्थिक मदतीच्या योजनेत अर्ज केला तेव्हा बिलाचा मोठा भाग माफ झाला. तो अर्ज करता येतो हेही आम्हाला बिलिंग विभागातल्या एका भल्या बाईंनी सांगितलं. नाहीतर मामेभाऊ हप्ते बांधून घ्यायला निघाला होता.

त्याच महिन्यात दुसरं संकट अगदी काठावरून परत गेलं. अमेरिकेत राहायला आल्यावर मामांनी नियमाप्रमाणे भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घेतलं होतं. त्या बदलात जुन्या खात्यावरून पॉलिसीचा हप्ता आपोआप वळता होण्याची सूचना बंद पडली. नूतनीकरणाची तारीख १८ ऑक्टोबर होती. कंपनीचे एसएमएस येत होते, पण ज्या सिमवर येत होते ते पुण्यातल्या कपाटात बंद पडलेलं होतं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा म्हणून मामा बँकेच्या साइटवर गेले. तिथे हप्ता गेलेलाच नाही हे त्यांच्या नजरेला आलं. १२ नोव्हेंबरला त्यांनी पैसे भरले. वार्षिक पॉलिसीला ३० दिवसांचा ग्रेस पीरियड असतो, त्यातला तो पंचविसावा दिवस होता. आणखी आठवडा गेला असता तर अकरा वर्षांची पॉलिसी मेली असती. नवी घ्यायची म्हटलं असतं तर मधुमेह, रक्तदाब, सांधेबदल या सगळ्यांचे प्रतीक्षा काळ, म्हणजे त्यांच्यासाठी दावा मिळत नाही ती सुरुवातीची वर्षं, पहिल्यापासून मोजावे लागले असते. हयातीच्या दाखल्याने त्या वर्षी पेन्शन तर चालू ठेवलंच, पॉलिसीही वाचवली.

जुनी पॉलिसी ठेवावी का

"अमेरिकेत राहायचं आणि भारतात हप्ता भरायचा, कशाला?" हा प्रश्न त्या डिसेंबरात मामेभावाने विचारला. प्रश्न रास्त होता. ही पॉलिसी भारताबाहेरच्या उपचाराचा एक रुपयाही देत नाही. मी ती ठेवण्याच्या बाजूची होते आणि मला माझ्या बाजूचं कारण तेव्हा अर्धवटच माहीत होतं.

पॉलिसी जितकी जुनी तितकी ती भक्कम होत जाते. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षा काळ तेव्हा चार वर्षांपर्यंत असू शकत होता. विमा नियामकाने २०२४ मध्ये तो तीन वर्षांवर आणला. मोरेटोरियम नावाची आणखी एक गोष्ट असते: पॉलिसी ठरावीक वर्षं सलग चालली की त्यानंतर कंपनीला 'तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता' असं म्हणून दावा नाकारता येत नाही. फक्त सिद्ध झालेली फसवणूक आणि पॉलिसीतच वगळलेल्या गोष्टी याला अपवाद. ही मुदत आधी आठ वर्षांची होती, २०२४ पासून पाच वर्षांची आहे. २००७ ची पॉलिसी हे सगळे उंबरठे कधीच ओलांडून बसली होती. २०२४ पासून नव्या पॉलिसीसाठी ६५ वर्षांची वयोमर्यादाही राहिलेली नाही, तेव्हा 'म्हातारपणी पॉलिसी मिळतच नाही' ही भीती कमी झाली. पण मिळणं वेगळं आणि ती पहिल्या दिवसापासून उपयोगी पडणं वेगळं.

मामा स्वतः बँकेतले. ते एवढंच म्हणाले, "जुनं खातं बंद करायला एक सही लागते, पुन्हा उघडायला जन्म जातो." पॉलिसी राहिली. कंपनीला नवा पत्ता कळवला, नोंदणीचा ईमेल मामेभावाचा दिला, आणि हप्ता एनआरओ खात्यातून जाईल अशी नवी सूचना दिली.

मार्केटप्लेस आणि भारतातलं पेन्शन

नोव्हेंबर-डिसेंबरच्या खुल्या नोंदणीत दोघांसाठी १ जानेवारी २०१९ पासूनची पॉलिसी घेतली. इथे एक गोष्ट समजून घ्यायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. प्रीमियमवरची सरकारी सवलत उत्पन्नावर ठरते. मग उत्पन्न कुणाचं? मुलाने आईवडिलांना आपल्या करविवरणात अवलंबित म्हणून दाखवलं तर मुलाचं. ते स्वतःचं विवरण भरत असतील तर त्यांचं. मामेभाऊ आणि वहिनी दोघंही चांगल्या नोकरीत, त्यांच्या उत्पन्नावर सवलत शून्य झाली असती. मामांचं भारतातलं पेन्शन आणि ठेवींचं व्याज मिळून वर्षाला साधारण साडेचौदा हजार डॉलर होत होते. ग्रीन कार्डधारकाला जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या विवरणात दाखवावंच लागतं, त्यामुळे दोघांनी स्वतःचं संयुक्त विवरण भरलं.

दोन माणसांच्या घरासाठी त्या वर्षी वापरलेली दारिद्र्यरेषा १६,४६० डॉलर होती. त्याखालच्या माणसाला सहसा मार्केटप्लेसची सवलत मिळत नाही, कारण त्याने मेडिकेडकडे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याकडे, जावं अशी रचना आहे. पण नव्या ग्रीन कार्डधारकाला मेडिकेडसाठी पाच वर्षं थांबावं लागतं, हा १९९६ च्या कायद्याचा नियम. म्हणून अशा लोकांना अपवाद करून सवलत दिली जात होती. मामा-मामी त्या अपवादात बसले. प्रीमियमचा बहुतेक भाग सवलतीतून गेला आणि डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी खिशातून भरायची रक्कम, तीही अगदी कमी लागली.

आज जे आईवडील नव्याने येत आहेत त्यांनी इथे थांबून नीट वाचावं. २०२५ च्या कायद्याने हा अपवाद १ जानेवारी २०२६ पासून काढून टाकला. उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असेल आणि मेडिकेडची पाच वर्षं झाली नसतील तर आता प्रीमियमवर सवलत नाही. २०२१ पासूनची वाढीव सवलतही २०२५ अखेर संपली. मामांची वाट जशीच्या तशी आता चालता येणार नाही. ज्यांचं पेन्शन रेषेच्या जरा खाली येतं त्यांनी उत्पन्नाचा हिशेब व्हिसाच्या मुलाखतीआधी मांडावा, विमानात बसल्यावर नाही.

मार्च २०२१ मध्ये मामांना स्टेंट बसवावा लागला. तेच हृदय आणि तोच रक्तदाब, पण मार्केटप्लेसच्या पॉलिसीने 'आधीपासून होतं का' हा प्रश्नसुद्धा विचारला नाही, कारण कायद्याने तो विचारताच येत नाही. २०१८ ची रात्र आठवून मामेभाऊ हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये रडला. मी शेजारी होते.

गुडघे

आता सुरुवातीच्या वादाकडे येते.

मामीचे गुडघे अमेरिकेतही बदलता आले असते. पॉलिसी होती, पैसेही फार गेले नसते. पण दिवसभर घरात कुणी नाही, शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत घरी पाठवतात, आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाईंशी मामीला इंग्रजीत बोलावं लागणार. मामी म्हणाली, "दुखतंय कुठे ते मला माझ्या भाषेत ओरडायचंय." तिची धाकटी बहीण पुण्यात, ओळखीचे डॉक्टर पुण्यात. माझ्या मते हे कारण पैशाच्या कारणापेक्षा कमी वजनाचं नव्हतं. विम्याचा सल्ला देणारे लोक आजारी माणसाला आपल्याजवळ कोण हवंय हे हिशेबात धरतच नाहीत.

म्हणून प्रश्न 'जावं का' हा नव्हता. 'जाऊन परत येताना हातात काय असावं' हा होता. आम्ही एका वकिलांकडे तासभर बसलो आणि तिथून निघून कागद जमवायला लागलो. १८० दिवसांहून जास्त सलग बाहेर राहिलेल्या ग्रीन कार्डधारकाकडे विमानतळावर नव्याने प्रवेश मागणारा माणूस म्हणून पाहता येतं. सहा महिन्यांपेक्षा मोठी गैरहजेरी नागरिकत्वासाठीची सलगता तुटली असं गृहीत धरायला पुरते, आणि ती तुटली नाही हे दाखवायची जबाबदारी आपली. मेडिकेअरलाही अर्जाआधीची सलग पाच वर्षं हवीत. एक वर्षाहून जास्त राहायचं असेल तर रीएन्ट्री परमिट लागतं आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. आम्हाला ते लागणार नव्हतं, पण पुष्कळांना हे तिकडे गेल्यावर कळतं.

निघण्याआधी आम्ही हे केलं: परतीचं तिकीट आधीच काढलं. इथल्या डॉक्टरांकडून दोन्ही गुडघ्यांबद्दलचं पत्र घेतलं. मार्केटप्लेसचा हप्ता चालू ठेवला. इथलं बँक खातं, फोन, मामांचा वाहन परवाना, सगळं जागेवर ठेवलं. करविवरण वेळेवर भरायची व्यवस्था केली. आणि एका वहीत प्रत्येक जाण्या-येण्याची तारीख लिहिली, पहिल्या दिवसापासूनची.

डिसेंबर २०२१ मध्ये दोघं गेले. पहिला गुडघा फेब्रुवारीत झाला. कॅशलेस मंजुरी दुसऱ्या दिवशी आली. सांधेबदलाचा प्रतीक्षा काळ संपून युगं लोटली होती, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. एका ठिकाणी मात्र आम्ही चुकलो. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा होती आणि मामीच्या त्या धाकट्या बहिणीने, म्हणजे मामेभावाच्या मावशीने, प्रेमापोटी मोठी खोली घेतली. अशा वेळी कंपनी फक्त खोलीच्या भाड्यातला फरक कापत नाही, डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचे इतर आकारही त्याच प्रमाणात कापते. बिलाचा चांगला मोठा तुकडा खिशातून गेला. मेमध्ये दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी मामी साध्या खोलीत राहिली आणि खिशातून जवळजवळ काहीच गेलं नाही.

दुसऱ्या गुडघ्याची जखम भरायला वेळ लागला. जुलैचं तिकीट पुढे ढकलावं लागलं. ऑगस्टच्या मध्यावर दोघं परतले, आठ महिन्यांनी. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टवरच्या तारखा पाहिल्या आणि थांबवलं. मामांनी दोन डिस्चार्ज समरी आणि बदललेल्या तिकिटाची पावती पुढे केली. त्याने मामीची काठी पाहिली आणि शिक्का मारला. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांसाठी आम्ही दोन महिने कागद जमवले होते.

मामांची नोकरी

आता जरा मागे जाते, कारण २०२३ चा निर्णय याशिवाय कळणार नाही.

मेडिकेअरचा पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग, फुकट मिळतो तो ज्याने किंवा ज्याच्या जोडीदाराने अमेरिकेत कर भरून कामाच्या ४० तिमाह्या पुऱ्या केल्या त्याला. भारतातली ३५ वर्षांची नोकरी त्यात धरत नाहीत, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. मुलाच्या तिमाह्याही आईवडिलांच्या उपयोगाच्या नाहीत. हे कळल्यावर मामेभाऊ हताश झाला. मामा झाले नाहीत. जानेवारी २०२० पासून त्यांनी एका हिशेबनिसाच्या कार्यालयात अर्धवेळ काम धरलं. वय ६७. आयुष्यभर खतावण्या जुळवलेला माणूस तो, काम त्याला खेळासारखं होतं.

वर्षाला जास्तीत जास्त चार तिमाह्या मिळतात आणि त्या महिन्यांवर नाही, वर्षभराच्या कमाईवर मोजतात. २०२२ मध्ये एका तिमाहीला १,५१० डॉलर लागत होते, म्हणजे चार तिमाह्यांना ६,०४०. गुडघ्यांपायी त्या वर्षातले साडेसात महिने भारतात गेले, तरी उरलेल्या काळात मामांनी तेवढी कमाई करून चारही तिमाह्या मिळवल्या. २०२६ मध्ये हा आकडा १,८९० झाला आहे. २०२५ अखेर मामांच्या २४ तिमाह्या झाल्या.

हे काम खरं असायला हवं, खरा पगार आणि खरा कर. ओळखीच्या दुकानात फक्त कागदावर नाव लावायचा सल्ला देणारेही भेटले. मामांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं.

पाच वर्षं पुरी झाल्यावर

ऑक्टोबर २०२३ मध्ये आम्ही सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात गेलो. पासष्टी आधीच उलटलेली असली तरी पाच वर्षांची अट पुरी होते त्या महिन्याच्या आसपास सात महिन्यांची नोंदणीची खिडकी उघडते. उशिराचा दंड त्या खिडकीनंतरच मोजायला सुरुवात होते. मधल्या पाच वर्षांचा दंड लागेल ही भीती निराधार होती.

अपेक्षेप्रमाणे आठ महिन्यांवर प्रश्न आला. वही, डॉक्टरांचं पत्र, डिस्चार्जचे कागद, त्या काळात भरलेले विम्याचे हप्ते, दोन्ही वर्षांची करविवरणं, सगळं दिलं. काही आठवडे उत्तर नव्हतं. मग दुसऱ्यांदा बोलावलं, तेच कागद पुन्हा पाहिले, आणि मुक्काम सलग धरला गेला. पाच वर्षांत मला इतकी निवांत झोप कधी लागली नव्हती जितकी त्या रात्री लागली.

मग खरा कठीण प्रश्न. ३० पेक्षा कमी तिमाह्या असणाऱ्याला पार्ट ए पूर्ण दराने विकत घ्यावा लागतो. २०२३ चा दर महिन्याला ५०६ डॉलर होता, आणि तो घ्यायचा तर पार्ट बी, म्हणजे डॉक्टर आणि तपासण्यांचा भाग, तोही घ्यावाच लागतो, तो १६४.९० डॉलर. माणशी ६७०.९०, दोघांचे मिळून १,३४१.८० डॉलर दर महिना. ज्याला पार्ट ए फुकट मिळत नाही त्याला मेडिकेअर न घेता मार्केटप्लेसवर सवलतीसह राहता येतं. पण पार्ट बी उशिरा घेतला तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे १० टक्के जास्त, आणि ते जन्मभर. मेडिकेडची पाच वर्षांची बंदी संपली होती, पण मामांच्या पगाराने आणि ठेवींनी तो रस्ता बंद होता. शिवाय ग्रीन कार्डसाठी दिलेल्या आर्थिक हमीपत्रावर सही मामेभावाची होती आणि त्याचं उत्पन्नही विचारात आलं असतं.

मामांसाठी निर्णय सोपा झाला, कारण त्यांच्या हृदयाचे डॉक्टर ज्या हॉस्पिटलात होते ते त्याच वर्षी मार्केटप्लेसच्या पॉलिसीच्या नेटवर्कमधून बाहेर पडलं. मामांनी पार्ट ए आणि बी दोन्ही घेतले, औषधांसाठी पार्ट डी घेतला, आणि पार्ट बी लागू झाल्यापासूनच्या सहा महिन्यांत मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअरनंतर उरलेला आपला वाटा भरणारी खासगी पॉलिसी, घेतली. ती सहा महिन्यांची मुदत मोलाची. त्या काळात तब्येत पाहून नकार देता येत नाही, आणि मूळ मेडिकेअरमध्ये खर्चातल्या आपल्या वाट्याच्या २० टक्क्यांना वरची मर्यादाच नसते.

मामीसाठी मी वेगळा हिशेब मांडला. मार्केटप्लेसवर तिला सवलत मिळत होती, कारण मामांच्या पगारामुळे दोघांचं उत्पन्न आता दारिद्र्यरेषेच्या थोडं वर होतं. मेडिकेअर घेतलं तर वर्षाला ८,००० डॉलरहून जास्त. नाही घेतलं आणि मामांच्या ४० तिमाह्या होईपर्यंत, म्हणजे २०२९ अखेरीपर्यंत थांबलं, तर पार्ट बीवर साधारण ६० टक्के दंड. २०२६ च्या २०२.९० डॉलरच्या दराने तो महिन्याला १२० डॉलरच्या आसपास. दर वाढले तरी सहा वर्षांचे वाचलेले पैसे भरून निघायला मामीला शंभरी गाठावी लागेल. दंड या शब्दाला लोक पापासारखे घाबरतात. मी मामीला म्हटलं, घाबरू नकोस, ही किंमत आहे आणि आपल्याला परवडते आहे. मामेभावाला हे पटायला दोन दिवस लागले, मामीला दोन मिनिटं.

आज कुठे आहोत

मामा ७३ वर्षांचे आहेत आणि आठवड्यातले तीन दिवस कामावर जातात. २०२६ मध्ये पार्ट एचा पूर्ण दर ५६५ डॉलर आहे. ३० ते ३९ तिमाह्या असणाऱ्यांना तो ३११ डॉलर पडतो. मामांच्या ३० तिमाह्या २०२७ च्या मध्यावर होतील. ४० पुऱ्या झाल्यावर पार्ट ए दोघांनाही फुकट होईल आणि मामीची मार्केटप्लेसची सवलत त्याच वेळी थांबेल. म्हणून तिचा पार्ट बीचा अर्ज जानेवारी ते मार्चच्या नोंदणीत वेळेवर गेला पाहिजे. तो महिना वहीत आतापासून लिहून ठेवला आहे.

मामांना मधेच काम सोडावं लागलं तर? हा प्रश्न मीच काढला होता आणि त्याला चांगलं उत्तर नाही. ३० वर थांबलं तर दोघांनाही कमी दराचा हप्ता कायम द्यावा लागेल. मामेभावाने त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला टाकायला सुरुवात केली आहे.

भारतातली पॉलिसी चालू आहे. मेडिकेअर भारतातल्या उपचाराचे पैसे देत नाही, त्यामुळे तिची गरज कमी झालेली नाही. वयाबरोबर तिचा प्रीमियम बराच वाढला. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढाच दिलासा. येत्या हिवाळ्यात मामीच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं काम तिकडे करून घ्यायचं आहे. जाण्याची तारीख ठरली आहे, येण्याचीही. मध्ये १४० दिवस आहेत, आणि या वेळी मावशीला खोलीभाड्याची मर्यादा आधीच कळवली आहे.